वर्गणीतून उभं राहिलेलं शहर: हर्गेसा

१९८१ च्या सुमाराची गोष्ट. हर्गेसा हे तेव्हा सोमालियातलं दुसऱ्या नंबरचं शहर, आणि तिथल्या सरकारी हॉस्पिटलची हालत अशी की खाटा मोडलेल्या, औषधं नाहीत, वॉर्डात घाण साचलेली. परदेशात शिकून गावी परत आलेले काही तरुण डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर एकत्र आले, गावात फिरून वर्गणी जमवली, स्वतः हातात झाडू घेतला आणि हॉस्पिटल परत चालतं केलं. सरकारने त्यांना उचलून जेलमध्ये टाकलं. आरोप काय तर सरकारविरोधी कारवाया. फेब्रुवारी १९८२ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा शाळेतली पोरं दगड घेऊन रस्त्यावर आली, तो दिवस तिथे आजही ‘धगहतूर’ म्हणजे दगडफेकीचा दिवस म्हणूनच ओळखतात, पण शिक्षा व्हायची ती झालीच, काहींना तर जन्मठेप झाली, आणि दूर दक्षिणेत लबातन जिरो नावाच्या जेलमध्ये एकेकट्या कोठडीत ह्या मंडळींनी वर्षंच्या वर्षं काढली. १९८९ मध्ये सुटले तेव्हा त्यांचं शहरच उरलं नव्हतं.

हर्गेसाचं प्रकरण मांडताना मी मुद्दाम इथून सुरुवात करतोय, कारण पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते सगळं ह्या हॉस्पिटलच्या गोष्टीत आधीच दिसतं. सरकार काही करत नाही, लोक वर्गणी काढतात आणि काम उभं राहतं. युद्धानंतर अख्खं शहर असंच उभं राहिलं, आणि जिथे वर्गणी पुरी पडत नाही नेमकं तिथेच ते शहर आजही अडलेलं आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या तरच हे प्रकरण समजतं, नुसतं ‘राखेतून उठलेलं शहर’ म्हणून टाळ्या वाजवण्यात काही अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा कुठली ते बघू. आफ्रिकेचं जे शिंग म्हणतात त्याच्या उत्तर अंगाला, एडनच्या आखातापासून आत डोंगराळ पठारावर साधारण १,३०० मीटर उंचीवर हर्गेसा आहे. बंदर बर्बेरा, तिथून रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. ब्रिटिशांनी हा भाग १८८४ पासून ताब्यात घेतला तो एडनला येणाऱ्या मांसाच्या पुरवठ्यासाठी, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत असल्यामुळे १८९८ पर्यंत ह्या सोमाली किनाऱ्याचा कारभार मुंबई सरकारच्या नावाने चालायचा, बाजारात पुढे बरीच वर्षं रुपयाच चालायचा. आपल्याकडे हे कुणाच्या लक्षातही नाही. हर्गेसा राजधानी झालं १९४१ मध्ये. २६ जून १९६० ला हा ब्रिटिशांचा भाग, म्हणजे ब्रिटिश सोमालीलँड, स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, तोवर इटलीच्या ताब्यात असलेल्या दक्षिण सोमालियात विलीन झाला. राजधानी मोगादिशूला गेली आणि हर्गेसा बाजूला पडलं ते पडलंच.

१९६९ मध्ये सियाद बारे ह्या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली. १९७७-७८ मध्ये इथिओपियाशी ओगादेनचं युद्ध हरल्यावर त्याचं राज्य जास्तच कडक आणि जास्तच कुळापुरतं झालं, उत्तरेतल्या इसाक कुळाच्या लोकांना व्यापारात, नोकऱ्यांत, परवान्यांत सगळीकडे दाबणं चालू झालं. १९८१ मध्ये लंडनमध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट नावाची संघटना निघाली, तिचे तळ इथिओपियात. मग एप्रिल १९८८ मध्ये बारे आणि इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्टू ह्यांच्यात समझोता झाला की एकमेकांच्या बंडखोरांना थारा द्यायचा नाही. तळ जाणार म्हटल्यावर बंडखोरांनी सगळं पणाला लावलं, २७ मे ला उत्तरेतल्याच बुराओ शहरावर आणि ३१ मे ला हर्गेसावर हल्ला केला.

त्याला सरकारने दिलेलं उत्तर वाचताना आजही हात थांबतो. तोफा शहरावर वळवल्या आणि लढाऊ विमानं आणली, ती विमानं उडायची कुठून तर हर्गेसाच्याच एअरपोर्टवरून, म्हणजे विमान उडालं की मिनिटाभरात शहरावर, बॉम्ब टाकून परत त्याच धावपट्टीवर, परत बॉम्ब भरून परत वर. आपल्याच देशाच्या हवाई दलाने, आपल्याच शहराच्या विमानतळावरून, आपलंच शहर. एका वैमानिकाने बॉम्ब टाकायला नकार दिला आणि विमान सरळ जिबूतीला नेलं, त्याचं नाव तिथे अजून आदराने घेतात. बाकीच्यांनी टाकले. शहराचा किती भाग पडला ह्याचे आकडे वेगवेगळे येतात, पण सर्वात जास्त ऐकू येतो तो ९० टक्के. माणसं किती मेली त्याचे अंदाज ५०,००० पासून २ लाखांपर्यंत जातात, ह्यात बुराओ आणि आजूबाजूचा मुलूखही आला. लाखो लोक पायी इथिओपियाच्या सीमेपलीकडे गेले, पळणाऱ्या रांगांवरही विमानांनी गोळीबार केला, आणि हार्तशेख नावाच्या उघड्या माळावर जी छावणी पडली ती जगातल्या सर्वात मोठ्या निर्वासित छावण्यांमध्ये गणली जाऊ लागली.

नंतर शहरात उरलेल्या लष्कराने आणि लुटारूंनी घरंच्या घरं सोलून नेली. पत्रे, दारं, खिडक्यांच्या चौकटी, वायरी, जमिनीतले नळ, जे उपटता येईल आणि विकता येईल ते सगळं. म्हणून त्या काळच्या फोटोत हर्गेसा बघितलं तर भिंती उभ्या आहेत पण एकाही घराला छप्पर नाही, वरून बघितल्यावर उघडे खोके ठेवल्यासारखं दिसतं. आणि जाताना लष्कराने सुरुंग पेरले, रस्त्यात, विहिरींजवळ, काही घरांत उंबऱ्याखालीसुद्धा.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे मोगादिशूतून पळाला. लोक परत यायला लागले. आता इथे नीट बघा, कारण माझ्या मते ह्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. बहुतेक ठिकाणी युद्ध संपलं की आधी मदत येते, परदेशी कंपन्या येतात, इमारती उभ्या राहतात आणि तंटा आत तसाच धुमसत राहतो. हर्गेसात पैसा आलाच नाही. उत्तरेने १८ मे १९९१ ला बुराओच्या सभेत सोमालीलँड म्हणून वेगळं होण्याची घोषणा केली, आणि शहर उभं राहिलं त्या सगळ्या वर्षांत जगातल्या एकाही देशाची त्याला मान्यता नव्हती, म्हणजे जागतिक बँकेचं कर्ज नाही, नाणेनिधी नाही, कुणाशी सरकारी करार नाही. त्यामुळे पहिलं काम राहिलं ते भांडण मिटवण्याचं, कारण त्याला पैसे कमी आणि वेळ जास्त लागतो, आणि वेळ लोकांकडे होता.

भांडणं पुष्कळ होती. १९९२ मध्ये बुराओत आणि बर्बेरात, जिंकलेल्याच बाजूच्या लोकांमध्ये मारामारी जुंपली, कारण बर्बेरा बंदराचा जकातीचा पैसा कुणाच्या हातात राहणार हा प्रश्न होता. ती मिटवली कुळांच्या म्हाताऱ्या माणसांनी. सोमाली समाजात ‘हेर’ म्हणून तोंडी चालत आलेला कायदा आहे, खून झाला तर मारणाऱ्याच्या अख्ख्या कुळाने मिळून भरपाई द्यायची, पूर्वापार हिशोब पुरुषाच्या जिवाला १०० उंटांचा. म्हणजे शिक्षासुद्धा वर्गणीनेच भरायची. झाडाखाली बसायचं, दिवसचे दिवस बोलायचं, कविता म्हणून एकमेकांचा राग काढायचा, आणि उठायचं ते ठरवूनच. १९९३ मध्ये जानेवारीपासून मे पर्यंत बोरामा गावात अशी सभा चालली, मत देणारे १५० वडीलधारे, बाकी पाहुणे शेकड्यांनी, आणि एवढ्या माणसांच्या जेवणाखाणाचा राहण्याचा मोठा भार बोरामाच्या लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी उचलला. तिथून सनद निघाली, वडीलधाऱ्यांची ‘गुर्ती’ ही संसदेची वरची सभा म्हणून पक्की झाली, आणि मोहम्मद इब्राहिम एगाल हा जुना मुरलेला राजकारणी, जो १९६० च्या दशकात एकत्र सोमालियाचा पंतप्रधान होता, तो अध्यक्ष झाला.

एगालच्या हातात काय होतं? जवळपास काहीच नाही. त्याने व्यापाऱ्यांकडून कर्ज घेतलं, पुढे जकातीत वळतं करून देण्याच्या बोलीवर, त्या पैशातून बंदुका घेऊन फिरणाऱ्या पोरांना पगारावर घेतलं आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये सोमालीलँडचा वेगळा शिलिंग चालू केला. व्यापाऱ्यांना शांतता हवी होती कारण बर्बेरातून सौदीला बकऱ्या-मेंढ्या गेल्या तर त्यांचा धंदा, आणि सरकारला व्यापारी हवे होते कारण दुसरं उत्पन्नच नव्हतं. हे नातं पुढे चांगलंही ठरलं आणि वाईटही, कारण ज्याच्या पैशावर सरकार उभं आहे त्याच्याकडून पूर्ण कर वसूल करायला कुठलं सरकार धजावेल.

आणि हे सगळं सरळ झालं असं समजू नका. नोव्हेंबर १९९४ मध्ये हर्गेसाच्या एअरपोर्टच्या ताब्यावरून परत लढाई पेटली, नुकती पत्रे घातलेली घरं सोडून लोक दुसऱ्यांदा पळाले, काही तर त्याच इथिओपियाच्या छावण्यांत परत गेले. ही दुसरी पळापळ बाहेरच्या वर्णनांत हटकून गाळली जाते कारण तिने गोष्ट जरा विस्कटते. १९९६-९७ च्या हर्गेसाच्या सभेनंतरच ती खऱ्या अर्थाने थांबली. म्हणजे शहर बांधलं गेलं ते एकदा नाही, दोनदा.

आता बांधलं कसं. इथे एक शब्द येतो जो आपल्याकडे उच्चारला की माणूस आजूबाजूला बघतो, हवाला. सोमालीत ‘हवालाद’, मूळ एकच. आपल्या पेपरात हवाला म्हणजे काळा पैसा, छापा, अटक. हर्गेसात हवाला म्हणजे लंडनमध्ये टॅक्सी चालवणारा भाऊ, जेद्दाहमध्ये काम करणारा मामा, टोरांटोत नर्स असलेली बहीण दर महिन्याला पाठवते ते पैसे. बँकच नव्हती ना, मग पैसे येणार कसे? दहाबशील ही त्यातली सर्वात मोठी झालेली कंपनी, १९७० मध्ये बुराओतल्या एका व्यापाऱ्याने चालू केलेली, १९८८ च्या पळापळीत मालकाचं सगळं गेलं आणि त्याने इथिओपियात निर्वासितांमध्येच परत धंदा मांडला. माणूस तिकडे पैसे भरतो, इकडे दुकानात कुळ आणि नातं विचारून ओळख पटवतात, आणि पैसे हातात. विश्वासावर चालणारी गोष्ट, आणि विश्वास मोडला तर कुळाची बैठक बसते हे सगळ्यांना माहीत. २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही मोठी सोमाली हवाला कंपनी एका झटक्यात गोठवली, २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेने ह्या कंपन्यांची खाती बंद करायची ठरवली, तेव्हा तिकडे केवढी घालमेल झाली असेल ते आपण समजू शकतो, कारण परदेशातून येणारा हा पैसा सरकारच्या बजेटच्या कितीतरी पट होता.

त्या पैशातून घर कसं उभं राहायचं ते जवळून बघण्यासारखं आहे. परत आलेलं कुटुंब आधी आपल्या पडक्या घराच्या अंगणात ‘बूल’ बांधायचं, म्हणजे वाकवलेल्या काठ्यांवर चिंध्या, गोणपाट, प्लास्टिक, पत्र्याचे तुकडे बांधून केलेली गोल झोपडी, मूळ भटक्या धनगरांचं घर. मग पहिले पैसे आले की एका खोलीला पत्रे. मग सहा महिन्यांनी दार. मग दुसरी खोली. मग कुंपणाची भिंत, कारण भिंत घातली की जागा आपली हे पक्कं. तिकडे लंडनमध्ये ओव्हरटाइम झाला की इकडे दोन थर विटा चढायच्या. पूर्ण शहर असं हप्त्या-हप्त्याने वर आलं, कुठलाही आराखडा नसताना, आणि त्याच वेळी सुरुंग काढणंही चालू होतं, सुरुवातीला तर पूर्वी लष्करात किंवा बंडखोरांत असलेले स्थानिक लोकच हातात सळई घेऊन ते काढायचे, त्यातले कित्येक त्यात गेले.

एडना अदान ह्यांचं हॉस्पिटल हे ह्यातलं सर्वात मोठं उदाहरण. ह्या बाई म्हणजे सोमालीलँडमधल्या पहिल्या प्रशिक्षित नर्स-मिडवाइफ, जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर काम केलेल्या, एकेकाळी एगालच्या पत्नी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली मर्सिडीज गाडी विकली, दागिने विकले, पेन्शन घातली, आणि जी जागा मिळाली ती अशी की सियाद बारेच्या काळात तिथे माणसं मारत असत आणि नंतर कचरा टाकत असत. तिथे बाळंतपणाचं हॉस्पिटल बांधायला घेतलं. कुणी सिमेंट दिलं, कुणी विटा, भिंती झाल्या आणि छपराला पैसे संपले. मग अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली आणि ती वाचून अनोळखी लोकांनी पैसे पाठवले. मार्च २००२ मध्ये हॉस्पिटल उघडलं. १९८१ च्या त्या तरुण डॉक्टरांचं राहिलेलं काम असं वीस वर्षांनी दुसऱ्या हातांनी पुढे गेलं, हे लिहिताना मला खरंच भरून येतं.

फोन, वीज, युनिव्हर्सिटी सगळं ह्याच वाटेने आलं. हर्गेसा युनिव्हर्सिटी २००० मध्ये. फोन कंपन्या तीन-चार झाल्या, कॉल स्वस्त, पण एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या फोनला कॉल लागत नसे, मग माणूस दोन-तीन हँडसेट घेऊन फिरायचा. वीज म्हणजे मोहल्ल्या-मोहल्ल्यात कुणीतरी जनरेटर बसवलेला आणि त्याच्या वायरी खांबावरून घराघरात, दर तेव्हा जवळपास एक डॉलर युनिट, आपल्याकडचं बिल आठवून बघा.

नोटांचं दृश्य बघून बाहेरची माणसं थक्क होतात. शिलिंगची किंमत इतकी घसरली की एका डॉलरला हजारो शिलिंग, आणि सर्वात मोठी नोट ५,००० ची. म्हणून नोटा बदलून देणारे लोक फुटपाथवर रबर लावलेल्या गठ्ठ्यांच्या विटांसारख्या रांगा रचून बसलेले. समोर काच नाही, बंदूकवाला नाही. नमाजाची वेळ झाली की वर एखादं कापड टाकून उठून जातात आणि परत येऊन बसतात. आपण ज्या शहराला १९९१ मध्ये लुटून सोललेलं बघितलं त्याच शहरात हे. २००९ मध्ये टेलिसॉम कंपनीने ‘झाद’ नावाने मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढली आणि काही वर्षांतच चहावाल्याच्या, भाजीवाल्या बाईच्या पाटीवर नंबर रंगवलेले दिसू लागले, आपल्याकडे क्यूआर कोड चिकटायला लागले त्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक गोष्ट ह्याच वर्गणीच्या हिशोबात बसते, जरी ती पैशाची नाही. १९८८ मध्ये बॉम्ब पडायला लागले तेव्हा रेडिओ हर्गेसाच्या लोकांनी गाण्यांच्या, नाटकांच्या, कवितांच्या टेप लपवल्या, काही जमिनीत खोल पुरल्या, काही सीमेपलीकडे नेल्या. नंतर लोकांनी आपापल्या घरातल्या कॅसेटी आणून दिल्या, आणि आज हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात हजारो कॅसेटी जमल्यात, त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतात. २००८ पासून दरवर्षी तिथे पुस्तक मेळा भरतो. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये, त्याआधी सगळं तोंडी, म्हणून टेप गेली तर तो माणूसच गेल्यासारखं. पुरलेल्या टेप परत काढणं हे पत्रे घालण्याइतकंच बांधकाम आहे असं मी मानतो.

पुरलेलं दुसरंही काही वर आलं. १९९७ मध्ये मोठा पाऊस झाला आणि शहराच्या कडेला मलको दुरदुरोच्या भागात माती वाहून गेली तेव्हा हाडं दिसायला लागली, काहींचे हात एकमेकांना बांधलेले. अशा सामूहिक कबरी नंतर दोनशेच्या वर नोंदल्या गेल्या, २०१२ पासून पेरू देशातले तज्ज्ञ येऊन उकरून अभ्यास करत होते. शहराच्या मधोमध चौकात एक मिग लढाऊ विमान चौथऱ्यावर चढवून ठेवलंय, खाली भिंतीवर १९८८ च्या त्या दिवसांची चित्रं, सगळे फोटो त्याचेच येतात. मला विचाराल तर हर्गेसा बघायला जाणाऱ्याने आधी त्या नदीकाठच्या कबरींकडे जावं.

आता जिथे हे सगळं अडतं ते. पाणी. शहराच्या मधून मरोडी-जेह नदी जाते, पण ती वर्षातले बहुतेक दिवस कोरडी वाळूच. शहराला पाणी येतं गीद-दीब्ले इथल्या विहिरींमधून, शहरापासून वीसेक किलोमीटर लांब, आणि ही योजना १९७० च्या दशकात चिनी मदतीने बांधलेली, त्या वेळच्या दीडदोन लाख लोकांसाठी. आज शहर दहा लाखांच्या पुढे गेलं म्हणतात. घर तुम्ही एकेक खोलीने बांधू शकता, फोन कंपनी चार व्यापारी मिळून काढू शकतात, पण वीस किलोमीटरची मोठी पाइपलाइन हप्त्याने बांधता येत नाही, ती एकदम पुरी लागते, एकदम पैसे लागतात, आणि तसे पैसे कर्जाने मिळतात, आणि कर्ज मान्यता असलेल्या देशाला मिळतं. युरोपियन युनियन, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था ह्यांनी पाइप बदलायची कामं नंतर केली, पण शहर त्यांच्या पुढे धावतंय.

जमिनीचंही तेच. १९९१ नंतर ज्याने जिथे भिंत घातली ती जागा त्याची, सातबारासारखं काही शिल्लकच नव्हतं, शाळांची मैदानं, सरकारी ऑफिसांची आवारं वाटून खाल्ली गेली. बोरामाच्या सभेने कुळांची मोठी भांडणं मिटवली, पण तिथे छोट्या माणसाचा प्लॉट कुणी मोजला नाही, आणि हर्गेसातली मारामारी आता बऱ्याचदा त्यावरूनच होते. २००५ च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने महापालिकेने उपग्रहाच्या फोटोवरून घरं मोजली आणि हजारो घरांची यादी केली, घरपट्टी त्यानंतर काही वर्षांतच दुपटीच्या वर गेली. मला हे काम कौतुकाचं वाटतं, पण घरपट्टीची यादी म्हणजे मालकीचा कागद नाही हे त्याच कामात स्पष्ट लिहून ठेवावं लागलं, नाहीतर बळकावलेल्या जागेची पावती दाखवून लोक मालक झाले असते.

१ एप्रिल २०२२ च्या रात्री, रमझान सुरू व्हायच्या आदल्या रात्री, वाहीन बाजाराला आग लागली. दोन हजारांच्या आसपास दुकानं आणि टपऱ्या, रमझानसाठी भरलेला माल, सगळं जळलं. आगीचे बंब आले पण बाजारात शिरायला रस्ताच नव्हता, कारण तीस वर्षं प्रत्येकाने आपली टपरी हातभर पुढे सरकवत गल्ली बुजवली होती. माणसं दगावली नाहीत हेच नशीब. विमा जवळपास कुणाचाच नाही. दुसऱ्या दिवसापासून परत वर्गणी, परदेशातली मंडळी, व्यापारी, कुळं, सगळे. मला त्या लोकांबद्दल प्रचंड आदर आहे, आणि त्याच वेळी राग येतो की बंब जाईल एवढा रस्ता ठेवणं हे कुणाचं काम होतं ते तीस वर्षांत ठरलंच नाही.

त्या बाजारात जळालेल्यात बायकांचा माल किती होता बघा. युद्धात पुरुष मेले, लढायला गेले किंवा बेकार झाले, तेव्हा दूध, भाजी, कापड, सोनं विकून घर चालवलं बायकांनीच. दुपारी इथिओपियाहून ‘काद’च्या गाड्या येतात, ती नशेची हिरवी पानं, पुरुष दुपारभर ती चघळत बसतात आणि विकायला टपरीत बसलेली असते बाई. बोरामाच्या सभेत मत देणाऱ्या १५० जणांत बाई नव्हती. २०२१ च्या संसदेच्या निवडणुकीत ८२ जागांसाठी १३ बायका उभ्या होत्या, एकही निवडून आली नाही. कुळाच्या सभेतून आलेली शांतता कुळाच्या पुरुषांचीच राहिली, आणि हे त्या पद्धतीचं मोठं दुखणं आहे. २००३ ला अध्यक्ष पहिल्या मोजणीत फक्त ८० मतांनी निवडून आला आणि तरी हरलेल्याने बंदूक उचलली नाही, हेही त्याच पद्धतीने दिलंय, ते विसरून चालणार नाही. पण २०२३ मध्ये पूर्वेला लास-आनोदला लढाई झाली, तिथल्या कुळांना ह्या राज्यात राहायचंच नव्हतं, म्हणजे तंटा मिटवायची ती कला सगळीकडे पोचली नाही.

शेवटी स्टेट हाउसबद्दल. ब्रिटिश गव्हर्नरचा जुना बंगला, त्याची पडकी भिंत अजून उभी आणि आजूबाजूच्या मोठ्या आवारात बूलच बूल. १९९० च्या दशकात छावण्यांतून परत आलेले ज्यांची शहरात जागा नव्हती, परदेशात कुणी भाऊ नव्हता, ते इथे बसले, नंतर दुष्काळात जनावरं गेलेले धनगर आले, दक्षिणेतल्या लढाईतून पळालेले आले. लंडनहून पैसे येणाऱ्यांची घरं दगडाची झाली, दुमजली झाली, ह्यांच्या झोपडीवरची ठिगळं तेवढी वाढत गेली. सकाळी गल्लीत गाढवाची गाडी येते, गाडीवर आडवं पत्र्याचं पिंप, मागे नळी. पोरगा गाढव थांबवतो, बायका पिवळे कॅन घेऊन येतात, कॅन भरतो, नोटांची गड्डी हातात घेतो किंवा फोनवर पैसे आल्याचं बघतो. नळ असलेल्या घरात पाणी जेवढ्याला पडतं त्याच्या कितीतरी पट पैसे ती बाई मोजते, कॅन डोक्यावर घेते आणि वाकून बूलमध्ये जाते.